लोधीखेडा ते सावनेर: पोरीची पहिली गाडी

दिवाळीला लोधीखेड्याला गेलो की मोठेबाबांचं एक काम माझ्यासाठी ठरलेलं असतं. एका वर्षी मोबाइलमधली अक्षरं मोठी करून दिली, एका वर्षी विहिरीवरच्या मोटरचं स्टार्टर पाहिलं. मी बी.ई. आहे, पण संगणकाचा, हे त्यांना वीस वर्षं सांगून झालंय. त्यांच्या लेखी इंजिनिअर म्हणजे इंजिनवाला. गेल्या दिवाळीत चहाची बशी खाली ठेवून ते म्हणाले, "पोरीसाठी गाडी पाहाची आहे बाप्पा. तू इंजिनेर हाय, मंग तूच पाह्य."

पोरगी म्हणजे माझ्या चुलतभावाची मुलगी, माझी पुतणी. ऑगस्टमध्ये तिला अठरा पूर्ण झाली होती. सावनेरच्या कॉलेजात नाव घातलेलं. सकाळी जायला बस मिळायची, पण प्रॅक्टिकल संपवून परतीची गाडी गाठायची म्हणजे रोजची धावपळ. हिवाळ्यात घरी पोचेपर्यंत अंधार. दोनदा वहिनी फाट्यावर तासभर उभ्या राहिल्या आणि तिसऱ्या वेळी त्यांनी जाहीर केलं की पोरीला होस्टेलला तरी ठेवा नाहीतर कॉलेज तरी बदला. होस्टेलला दादा तयार नव्हता. म्हणजे खरा प्रश्न गाडीचा नव्हताच, पोरीचं शिक्षण चालू राहील की नाही याचा होता.

ज्यांनी लोधीखेडा पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नागपूरहून छिंदवाड्याकडे निघालं की सावनेर लागतं, मग केळवद, मग सातनूरला महाराष्ट्र संपतो. पाटीवरची मराठी तिथे संपते, बोलण्यातली संपत नाही. सौंसर, पांढुर्णा, लोधीखेडा, रामाकोना हा सगळा पट्टा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातला. पुढे मध्य प्रदेशची राजधानीच नागपूर होती, त्यामुळे आमच्या आजोबांना सरकारी कामासाठी नागपूरला जाणं म्हणजे आपल्याच राजधानीत जाणं होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, नागपूर तिकडे गेलं आणि आम्ही इकडे राहिलो. २०२३ साली पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला तेव्हा आमच्या पत्त्यातलं छिंदवाडाही गेलं. संत्री मात्र अजूनही कळमन्यालाच जातात, आजारी माणूस नागपूरलाच जातो आणि लग्नाचा बस्ताही नागपूरलाच बांधला जातो.

पूर्वी हे येणंजाणं अडीच फुटी रुळांवरच्या छोट्या गाडीनं चालायचं. ती गाडी इतकी सावकाश चढायची की माझ्या लहानपणी मोठी पोरं उतरून बोरं तोडायची आणि पुन्हा चढायची. २०१५ च्या अखेरीस ती बंद झाली, पुढे त्याच मार्गावर मोठी लाइन आली. स्टेशन आहे, गाडी आहे, पण तिच्या वेळा कॉलेजच्या वेळांशी जुळत नव्हत्या. उरला तो रस्ता.

हा रस्ता नीट पाहिल्याशिवाय गाडीची निवड करता येत नाही, हे मला या सगळ्या प्रकरणात उमगलं. शहरात आपण उलटं करतो. आधी गाडी पाहतो, रंग पाहतो, मग ती चालवणार कुठे याचा विचार. पोरगी चालवणार होती तो रस्ता गावातून निघतो तेव्हा एकेरीच म्हणायचा. दोन्ही बाजूला वावरं, संत्र्याचे बगीचे, मधूनच ढोरं. हमरस्त्याला लागलं की चित्र एकदम पालटतं. बोरगावच्या कारखान्यांचे ट्रक, छिंदवाड्याकडून घाट उतरून आलेली जड वाहनं, कळमन्याची घाई असलेले संत्र्याचे पिकअप. आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली की या पिकअपवाल्यांना ब्रेक असतो याची आठवणच राहत नाही. त्यात संध्याकाळी कापसाची बंडी रस्त्याच्या कडेनं चाललेली असते, मागे ना दिवा ना लाल पट्टी. बैलांना घर दिसत असतं, बंडीवाला झोपलेला असतो.

वहिनींचा पहिला विचार स्कूटीचा होता. स्वस्त, पोरींना जमणारी. मी आणि पुतणी एका संध्याकाळी फटफटीवर बसून केळवदपर्यंत जाऊन आलो. ट्रक शेजारून गेला की वाऱ्याच्या झोतानं गाडी हलते, ते तिनं मागे बसून अनुभवलं. परत आल्यावर तीच आईला म्हणाली, "नाही गं, इथं नको."

मग घरात प्रस्ताव आले. पहिला मोठेबाबांचा. गोठ्याच्या बाजूला पत्र्याखाली त्यांची पांढरी मारुती ८०० उभी आहे. एमपी २८ नंबरची, १९९९ ची. "घरची गाडी असताना इकत काहून घ्याची?" या गाडीवर त्यांचा जीव आहे आणि माझाही. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं ते इंजिन गावातला कोणीही मिस्त्री डोळे मिटून खोलतो. १९८३ च्या डिसेंबरमध्ये पहिली ८०० रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत शेवटची निघाली. मधल्या तीस वर्षांत आपल्यापैकी निम्म्या घरांनी ड्रायव्हिंग हिच्यावरच शिकलं असेल.

पण त्या गाडीला मी ठाम नाही म्हटलं, आणि कारण सांगताना माझी जीभ जरा अडखळली.

२००५ ची गोष्ट. मी सतरा वर्षांचा, बारावी नुकतीच संपलेली. मोठेबाबा वावरात गेलेले. किल्ली खुंटीला. आम्ही चार मित्र गाडीत बसलो आणि सौंसरला सिनेमा पाहून यायचं ठरलं. परवाना नव्हताच, तो मिळण्याचं वयही नव्हतं. येताना अंधार पडला होता. मागचे दोघं गाणी म्हणत होते, पुढचा मित्र कॅसेट बदलत होता आणि मी कॅसेटकडे पाहत होतो. गावाअलीकडची पुलिया अरुंद आहे. डावं चाक कठड्यावर चढलं आणि गाडी तिरपी होऊन नाल्याच्या उतारावर अडकली. पुढच्या मित्रानं पट्टा लावला नव्हता. त्याची हासळी मोडली. पट्टा मीही लावला नव्हता, स्टिअरिंग धरलेलं होतं म्हणून वाचलो. घरी सांगितलं, म्हैस आडवी आली. मोठेबाबांनी त्याच रात्री मित्राला नागपूरला नेलं, खर्च स्वतः केला आणि मला एका शब्दानं बोलले नाहीत. त्या न बोलण्यानं मी वर्षभर घरात मान वर केली नाही.

आता तसं काही झालं तर पालकांना नुसतं हॉस्पिटलचं बिल भरून सुटता येत नाही, हे आपल्या वाचकांतल्या आईबाबांनी माहीत करून घ्यावं. १ सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायद्यातली नवी कलमं लागू झाली. अठराच्या आतल्या मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. "गावातल्या गावात काय होते" असं म्हणून चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांना ट्रॅक्टर आणि बोलेरो देणारे आमच्याकडे कमी नाहीत. तुमच्याकडेही नसतील कशावरून?

तर ८०० बाद. तिला एअरबॅग नाही, एबीएस नाही आणि पत्रा असा की म्हशीनं अंग घासलं तरी पोचा पडतो. दुसरा प्रस्ताव दादाचा, सेकंडहँड स्कॉर्पिओ. "जड गाडी पाह्यजे, लोखंड पाह्यजे. ट्रकवाला बी वचकला पाह्यजे." यात तथ्य अगदीच नाही असं नाही. टक्कर झाली तर जड गाडीतल्या माणसाचा फायदा होतो. पण आमची पोरगी पाच फूट उंचीची. एका ओळखीच्यांच्या स्कॉर्पिओत तिला बसवलं तर बॉनेटच्या पुढे रस्त्याचा बराच भाग तिला दिसेना. मी समोर जाऊन एक बादली ठेवली आणि विचारलं, दिसते का? नाही दिसली. मग हळूहळू बादली दूर नेत गेलो. किती दूर नेल्यावर दिसली ते दादानं स्वतः पावलांनी मोजलं आणि स्कॉर्पिओचा विषय तिथेच संपला. शिवाय ती गाडी दादालाच हवी होती, हे वहिनींनी स्वयंपाकघरातून मोठ्यानं सांगितलं.

बादलीची ही युक्ती मी नंतर प्रत्येक गाडीला लावली. ज्यानं गाडी चालवायची त्याला बसवून बघा, दुकानात बापाला बसवून उपयोग नाही. क्लच पूर्ण दाबला जातो का, तो दाबताना पाठ सीटवरून सुटते का, स्टिअरिंगपासून छाती पुरेशी मागे राहते का, मागच्या काचेतून काय दिसतं. सीट वर-खाली होणारी हवी, कारण आपल्याकडच्या बऱ्याच मुली उशी ठेवून गाडी चालवतात आणि जोरात ब्रेक लागला की ती उशी सरकते.

बजेट साडेचार लाखांच्या आतलं. नवी घ्यायची नाही यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. पहिल्या वर्षात पोचे पडणारच, ते नव्या गाडीला पडले तर पोरगी घाबरून गाडी चालवणं सोडेल आणि बाप रोज गाडीभोवती प्रदक्षिणा घालेल.

मग मी माझ्या धंद्याला शोभेल असा एक तक्ता केला. कोणत्या वर्षाची गाडी घ्यावी, इथे नियमांच्या तारखा कामाला आल्या. २०१९ च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, त्याच वर्षी जुलैपासून चालकाची एअरबॅग. शेजारच्या सीटची एअरबॅग त्यानंतर, २०२१ मध्ये. म्हणजे स्वस्तात मिळते म्हणून २०१६-१७ ची गाडी घेतली आणि ती खालच्या मॉडेलची निघाली, तर यातलं काहीच नसण्याची शक्यता. मी दादाला म्हटलं, चार हजार किलोमीटर जास्त चाललेली चालेल, पण २०१९ च्या मागे जायचं नाही.

एबीएस म्हणजे काय ते त्याला बंडीच्या भाषेत सांगितलं. ओल्या रस्त्यावर अचानक बंडी दिसली, जोरात ब्रेक मारला, तर साध्या गाडीची चाकं जाम होतात आणि मग स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी गाडी सरळ बंडीवरच जाते. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, एका सेकंदात अनेकदा ब्रेक धरतं-सोडतं, म्हणून वळवून बाजूनं काढता येतं. नवशिक्याची चूक हीच असते, घाबरून ब्रेकवर उभं राहणं. त्याला सावरून घेणारी गाडी हवी.

टकरीच्या चाचण्यांचे निकाल सगळ्यांना खुले आहेत, तरी गाडी घेताना ते कोणी पाहत नाही. २०१४ मध्ये ग्लोबल एनसीएपीनं आपल्याकडच्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांची एअरबॅग नसलेली मॉडेलं भिंतीवर आदळवली, पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्यानंतर चित्र बदललं. २०१८ च्या डिसेंबरात नेक्सॉनला पाच तारे मिळाले, २०२० मध्ये अल्ट्रोझला पाच आणि टियागोला चार. आता भारत एनसीएपी ही आपली स्वतःची पद्धतही ऑक्टोबर २०२३ पासून आहे. आमच्या बजेटात आणि पोरीच्या उंचीत बसणारी त्यातली टियागो होती. पोरीला दुसरीच एक गाडी आवडली होती, लाल, छतावर रूळ असलेली. तिचे तारे मी दाखवले तर ती म्हणाली, "काका, तुम्ही तारे पाहता, मी रंग पाहते." शेवटी तडजोड अशी झाली की तारे माझे आणि रंग तिचा.

गाडी शोधायला नागपूरला गेलो आणि इथे सीमेवरच्या माणसाचा एक खास त्रास सुरू झाला. नागपूरच्या बाजारात गाड्या भरपूर, पण सगळ्या एमएच ३१, ४०, ४९ च्या. ती घेऊन लोधीखेड्याला नेली की आधीच्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र, मग मध्य प्रदेशात पुन्हा रोड टॅक्स, नवा नंबर. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर गाडी ठेवायची तर नोंदणी बदलावीच लागते. ज्या मैदानावरून आजोबा बैलगाडीनं नागपूरला जायचे, तिथे गाडीला मात्र पासपोर्ट लागावा तसा कारभार. (मला स्वतःला नोकरीमुळे बीएच मालिकेचा नंबर मिळू शकतो. संत्र्याच्या बागाइतदाराला ती सोय नाही. राज्याच्या सीमेवर रोज जाणारा तो, सवलत मात्र मला.) आमची गाडी रोज रात्री लोधीखेड्यालाच परत येणार होती, त्यामुळे एमपी पासिंगचीच घ्यायची असं ठरलं, आणि शोध नागपूरहून छिंदवाड्याकडे वळला.

तरी नागपूरला पाहिलेल्या एका गाडीची गोष्ट सांगायला हवी, कारण त्यात पाच मिनिटांत समजण्यासारखं बरंच आहे. गाडी चकाचक. विकणारा म्हणाला, एका डॉक्टरांची, फक्त रविवारी चालवायचे. मी किल्ली एक टप्पा फिरवली. एअरबॅगचा आणि एबीएसचा दिवा आधी लागायला हवा आणि थोड्या वेळानं विझायला हवा. इथे एअरबॅगचा दिवा लागलाच नाही. न लागणारा दिवा हा लागून राहणाऱ्या दिव्यापेक्षा वाईट, कारण कोणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. म्हणजे एअरबॅग एकदा फुटून गेलेली आणि जागेवर नुसतं झाकण. मग टायर पाहिले. प्रत्येक टायरवर लांबट गोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तीन टायर २०१९ चे आणि पुढचा डावा २०२२ चा. पुढचा डावाच का बदलावा लागला, असं विचारल्यावर विकणाऱ्याला फोन आला आणि तो बाहेर गेला. आम्ही त्याच्या परत येण्याची वाट पाहिली नाही.

छिंदवाड्याला मिळाली ती २०२० ची, निळी. एका शिक्षक दांपत्याची, सर्व्हिसच्या पावत्या फाइलला लावलेल्या. दिवे लागले, विझले. पट्टा झटक्यानं ओढला तर जागच्या जागी अडकला. बादली मी घरून नेली नव्हती, त्यांच्याच अंगणातली घेतली. बाईंनी विचारलं, हे काय? सांगितल्यावर त्या आपल्या मुलाला हाक मारून म्हणाल्या, "बघ, असं पाहतात." नाव बदलण्याचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरले. विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यायचा असतो. तो आधीच्या मालकाच्या नावानं तसाच राहू देणारे लोक नंतर कपाळाला हात लावतात.

घरी येताना सिल्लेवानीच्या घाटात पोरगी शेजारी बसून प्रत्येक वळणाला माझा गिअर पाहत होती. लर्निंग लायसन्स तिचं तोवर झालं होतं. कच्च्या परवान्याचे तीस दिवस झाल्यावर पक्क्या परीक्षेला बसता येतं, पण आम्ही तीन महिने थांबलो. रोज सकाळी मोठेबाबा शेजारी, मागे-पुढे लाल एल. आधी गावाबाहेरचा रस्ता, मग सौंसर, मग जामसावळी, सगळ्यात शेवटी सावनेर. पहिल्या परीक्षेत रिव्हर्स घेताना तिनं खांब पाडला आणि नापास झाली. सात दिवसांनी पुन्हा बसता येतं. त्या सात दिवसांत तिनं अंगणात तुळशीवृंदावन आणि मोठेबाबांची खाट यांच्यामधून गाडी मागे घ्यायचा असा सराव केला की खाट कायमची ओसरीवर गेली.

नियम आम्ही कागदावर लिहिले. न्यूझीलंडमध्ये १९८७ पासून नव्या चालकाला टप्प्याटप्प्यानं परवाना देतात. मधल्या टप्प्यात रात्री दहा ते पहाटे पाच एकट्यानं गाडी चालवायची नाही आणि जाणता चालक शेजारी नसेल तर मित्रमंडळी गाडीत घ्यायची नाहीत. तिथून उचललेले आणि आपल्याकडच्या रस्त्याला जुळवलेले आमचे नियम असे: पहिले सहा महिने मैत्रिणी गाडीत नाहीत. दिवस मावळला आणि ती अजून सावनेरलाच असेल तर गाडी तिथेच ठेवून दादाला फोन. चालू गाडीत फोन मागच्या सीटवर. आणि घरच्यांसाठीही एक नियम, तो पुतणीनं घातला: ती गाडीत आहे हे माहीत असताना कोणी "कुठं पोचली?" म्हणून फोन करायचा नाही. हा नियम पाळणं वहिनींना सगळ्यात जड गेलं.

मैत्रिणींच्या नियमावर ती भडकली होती. "काका, रश्शीसारखी बांधूनच ठेवा ना मग." तेव्हा मी तिला २००५ ची पुलिया सांगितली. म्हशीसकट सांगितली, म्हणजे म्हैस नव्हती हे सांगितलं. मोठेबाबा ओसरीवर डोळे मिटून पडले होते. मला वाटलं झोपलेत.

परवाना आल्यावर शनिवारी गाडी जामसावळीला नेली. निजलेल्या हनुमंतापुढे नारळ, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चारही चाकांखाली लिंबं. परतताना पोरगी चालवत होती, मोठेबाबा तिच्या शेजारी, मी मागे. त्यांचा उजवा पाय अजूनही नसलेला ब्रेक दाबत होता. गावाअलीकडच्या त्या पुलियाशी समोरून पिकअप येताना दिसला. तिनं अलीकडेच गाडी बाजूला घेतली, दिवा दिला आणि त्याला आधी जाऊ दिलं. पिकअपवाला हात दाखवून गेला.

मोठेबाबा कठड्याकडे पाहत म्हणाले, "वीस वर्सं झाली. मी तवा साऱ्या गावात इचारलं, म्हैस कोनाची होती मनून. कोनीच कबूल नाई झालं."

आरशात पोरगी माझ्याकडे पाहत होती. मी म्हटलं, "समोर पाह्य."